बडालोनाचं तरुण मित्र मंडळ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्याकडे कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी एक पाटी दिसते : ‘तरुण मित्र मंडळ’. खाली स्थापनेचं साल. पाटीमागे एक खोली, कॅरम, चार खुर्च्या, आणि संध्याकाळी जमणारी पोरं. आज ज्या क्लबची गोष्ट सांगणार आहे, त्याच्या नावाचं मराठी जवळजवळ शब्दशः हेच होतं. स्पेनच्या कातालोनिया प्रांतात बडालोना नावाचं गाव आहे, तिथला हा बास्केटबॉल क्लब. अधिकृत नाव ‘जुवेन्तुत’, म्हणजे तारुण्य. गावातली माणसं मात्र त्याला ‘ला पेन्या’ म्हणतात. पेन्या म्हणजे मित्रांचा कट्टा, मंडळ. स्थापना १९३०. या मंडळाने पुढे युरोपचं विजेतेपद मिळवलं, आणि एकदा कर्जापायी त्याला कायमचं कुलूप लागायचीही वेळ आली होती.

आधी गावाविषयी. बार्सिलोना सगळ्यांना माहीत आहे. तिथून समुद्राच्या कडेकडेने ईशान्येला दहा किलोमीटर गेलं की बडालोना येतं. वस्ती सव्वादोन लाखांच्या आसपास. गाव जुनं, थेट रोमन काळातलं. तेव्हाचं नाव बेतुलो. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ची. त्याच्या पाच वर्षं आधी, १८४८ मध्ये, स्पेनच्या मुख्य भूमीवरची पहिली आगगाडी बार्सिलोनाहून मातारोला धावली, ती या बडालोनाच्या वाळूला चिकटूनच. रेल्वे आली तशा गिरण्या आल्या, कारखाने आले. बडीशेपेच्या जातीच्या अनीस नावाच्या मसाल्यापासून काढलेल्या एका मद्याचा कारखाना समुद्रकाठी उभा राहिला. त्याच्या बाटलीवर माकडाचं चित्र असतं आणि त्या माकडाचं तोंड डार्विनसारखं दिसतं असं लोक गमतीने म्हणतात. ते असो. मुद्दा असा, की हे कामगारांचं गाव. १९५० नंतरच्या पंचवीस वर्षांत स्पेनच्या दक्षिणेकडून, आंदालुसियातून, पोटासाठी इतकी माणसं इथे आली की गावाची वस्ती सुमारे तिप्पट झाली. गिरणगाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे उभं राहतं, ते इथेही बरंचसं लागू पडतं. फक्त तिथल्या पोरांच्या हातात वेगळा चेंडू आला.

तो चेंडू कसा आला? बास्केटबॉल जन्मला अमेरिकेत, १८९१ मध्ये. आपल्याकडे तो वायएमसीएच्या मंडळींनी आणला. कातालोनियात आणला एका पाद्री मास्तरांनी. एउसेबिओ मिल्यान हे त्यांचं नाव. ते क्यूबात शिकवायला होते, तिथे हा खेळ त्यांनी पाहिला, आणि १९२१ च्या सुमारास बार्सिलोनातल्या आपल्या शाळेत मुलांना शिकवला. फुटबॉलला मोठं मैदान लागतं. बास्केटबॉलला चर्चमागचं अंगण पुरतं, कारखान्याच्या आवारातली मोकळी जागा पुरते. दाट वस्तीच्या गिरणीगावाला असा खेळ मानवला नसता तरच नवल.

१९३०च्या वसंतात बडालोनातल्या काही तरुण दोस्तांनी एक मंडळ काढलं. तीन वर्षांपूर्वी, १९२७ मध्ये, लिंडबर्गने एकट्याने विमान हाकत अटलांटिक ओलांडला होता. त्या विमानाचं नाव होतं ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’. जगभर तरुणांना त्याने वेड लावलं होतं. या पोरांनी सरळ आपल्या मंडळाचं नाव ठेवलं ‘पेन्या स्पिरिट ऑफ बडालोना’. निम्मं कातालान, निम्मं इंग्रजी! नावातली हौस पाहा. तेव्हा बास्केटबॉल हा मंडळाचा एकमेव खेळही नव्हता. सायकल होती, टेबल टेनिस होतं. हळूहळू बास्केटबॉलने बाकीचं सगळं मागे सारलं. पुढे मंडळाचं नाव बदललं, पण पहिल्या नावातला ‘पेन्या’ हा शब्द लोकांच्या तोंडून गेला नाही. आजही गेलेला नाही.

मग यादवी युद्ध झालं. १९३९ मध्ये फ्रँकोची राजवट आली, आणि कातालान भाषेला सार्वजनिक व्यवहारातून हद्दपार करण्यात आलं. क्लबचं नाव आता स्पॅनिशमध्ये लिहावं लागलं : ‘क्लुब हुवेन्तुद दे बडालोना’. अर्थ तोच, तारुण्य. पण घरात आईशी ज्या भाषेत बोलायचं, त्या भाषेतलं नाव पाटीवर लावायची चोरी. राष्ट्रीय चषकस्पर्धेलाही हुकूमशहाचीच पदवी चिकटवलेली होती. त्या ‘सरसेनापती चषका’वर बडालोनाच्या पोरांनी १९४८ मध्ये पहिल्यांदा नाव कोरलं, मग १९५३, १९५५ आणि १९५८. फ्रँको गेल्यानंतरच्या काळात पाटीवर पुन्हा ‘जुवेन्तुत’ आलं. ते नाव पुन्हा लिहिताना गावातल्या म्हाताऱ्या माणसांना काय वाटलं असेल याची कल्पना भाषेवर जीव असणारा कुणीही करू शकेल.

१९५७ मध्ये स्पेनची राष्ट्रीय लीग सुरू झाली. पहिल्या वर्षी संघ होते फक्त सहा, त्यात बडालोना होतं. त्या दिवसापासून आजवर या लीगचा एकही हंगाम न चुकवलेले, कधीही खालच्या गटात न घसरलेले क्लब फक्त दोन आहेत. एक रेआल माद्रिद आणि दुसरा आमचा हा जुवेन्तुत. खुद्द बार्सिलोनासुद्धा त्यात नाही. माद्रिदचा एस्तुदियान्तेस हा कॉलेजकुमारांचा क्लब बरीच वर्षं तिसरा साथीदार होता. तो २०२१ मध्ये खाली गेला.

हे का सांगतो? कारण रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांच्या बास्केटबॉलमागे त्यांचा फुटबॉल उभा असतो. फुटबॉलच्या तिकिटांवर, टीव्हीच्या हक्कांवर जो पैसा येतो, त्यातून बास्केटबॉलचा तोटा भरून निघतो. बडालोनाच्या मागे फुटबॉल नाही. बास्केटबॉलवरच मिळवायचं आणि बास्केटबॉलवरच खर्चायचं. धाकट्या भावाने शेतात राबायचं आणि थोरल्याने शहरातून मनीऑर्डर पाठवायची, असा प्रकार तिथे नाही; इथे एकच भाऊ आहे आणि तोच शेतात आहे. म्हणून या क्लबचा जमाखर्च पाहिल्याशिवाय त्याचे सामने समजत नाहीत.

एक साधा हिशोब सांगतो. १९६० ते १९८० या एकवीस वर्षांत स्पेनची लीग रेआल माद्रिदने एकोणीस वेळा जिंकली. उरलेल्या दोन वेळा कोण? १९६७ ला बडालोना, १९७८ ला बडालोना. १९६७च्या संघात नीनो बुस्कातो हा चपळ गडी होता, जो स्पेनकडून तीन ऑलिम्पिक खेळला. १९७८च्या संघात सान्तियाना होता, आणि मार्गाल होता, ज्याचा लांबून मारलेला चेंडू जाळीलाच लागायचा. हाच मार्गाल पुढे १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये स्पेनच्या रौप्यपदकाच्या संघात होता.

आणि या गावात एकच क्लब होता असंही नाही! सिर्कोल कातोलिक म्हणून दुसरा होता, एका सूतगिरणीच्या नावाने खेळायचा. सत्तरच्या दशकात एवढ्याशा गावातून दोन संघ राष्ट्रीय लीगमध्ये. गावात सामना म्हणजे घरात भांडण. या दुसऱ्या क्लबात माद्रिदहून आलेला एक तरुण प्रशिक्षक दहा वर्षं मुलांना घडवत होता. आईतो गार्सिया रेनेसेस त्याचं नाव. ‘आईतो’ हे नाव मराठी कानाला गोड लागतं, लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

आता थोडी करमणूक. बाहेरचा पैसा लागतो म्हटल्यावर प्रायोजक आले, आणि प्रायोजकाचं नाव संघाच्या नावाआधी लावायची तिथे रीतच आहे. त्यामुळे क्लबच्या नावांची यादी वाचली तर किराणा दुकानाची यादी वाटते. एका काळात हा संघ ‘श्वेप्स’ सोड्याच्या नावाने खेळला. ऐंशीच्या दशकात ‘रॉन नेग्रिता’च्या नावाने, म्हणजे रम! आणि त्यानंतर लगेच आलं एक दूध, ज्याचं नाव होतं ‘राम’. रम सोडून रामाकडे वळलेला असा दुसरा संघ जगात नसावा. आणि या रामनामाचा गुण असा, की १९९० मध्ये त्यांनी इटलीच्या पेझारोला हरवून युरोपातला कोराच चषक जिंकला. पुढे एका वसाहतीच्या बांधकाम प्रकल्पाचं नाव लागलं, मग दूर दक्षिणेकडच्या मार्बेया शहराचं, मग सेव्हन-अपचं. चाहते मात्र सगळ्या नावांच्या वरून ‘पेन्या, पेन्या’ असंच ओरडत राहिले.

कोराच चषक त्यांनी एकदा आधीही जिंकला होता, १९८१ मध्ये, व्हेनिसच्या संघाशी जादा वेळेत एका गुणाने, १०५-१०४. त्या सुमाराला सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा संघात आला : जोर्दी विल्याकाम्पा. लांब हातपाय, धावत धावत उडी मारून बास्केट करणारा. १९८० मध्ये आला आणि १९९७ मध्ये निवृत्त झाला, याच क्लबातून. मधल्या काळात त्याला दुसरीकडे जास्त पैसे मिळाले नसते असं नाही. त्याच्या जोडीला जोफ्रेसा बंधू आले, थोरला राफाएल आणि धाकटा तोमास. दोघेही चेंडू पुढे नेणारे, खेळ रचणारे. अमेरिकेहून कॉर्नी थॉम्पसन आला. प्रशिक्षक म्हणून आले लोलो साइन्स, ज्यांची सारी हयात रेआल माद्रिदमध्ये गेली होती. १९९१ मध्ये बार्सिलोनाला हरवून तेरा वर्षांनी लीग जिंकली.

आणि मग आलं १९९२ साल. या सालाबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या.

१६ एप्रिल १९९२. इस्तंबूल. युरोपियन चषकाचा अंतिम सामना. समोर बेलग्रेडचा पार्तिझान. त्यांची कहाणी वेगळीच होती. युगोस्लाव्हिया फुटत होता, युद्ध पेटलं होतं, म्हणून युरोपच्या संघटनेने त्यांना आपल्या देशात सामने खेळायला मनाई केली. जवळजवळ पूर्ण हंगाम त्यांनी ‘घरचे’ सामने खेळले ते माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादा या गावात! तिथल्या लोकांनी ही परकी पोरं दत्तकच घेतली. सारी पोरं विशी-बाविशीची. त्यांचा प्रशिक्षक झेल्को ओब्रादोविच अवघा बत्तीस वर्षांचा. आदल्या वर्षीपर्यंत तो त्याच संघात खेळत होता.

सामना अटीतटीचा झाला. शेवटची काही सेकंदं उरली असताना धाकट्या जोफ्रेसाने बास्केट केलं आणि बडालोना ७०-६८ पुढे गेलं. बाकावरची मंडळी उभी राहिली. साठ वर्षांच्या मंडळाला युरोपचा चषक हातभर अंतरावर दिसत होता. तेवढ्यात पार्तिझानच्या साशा ज्योर्जेविचने चेंडू घेतला, पूर्ण मैदान धावत पार केलं, आणि उजव्या बाजूने, तीन गुणांच्या रेषेबाहेरून, तोल जात असतानाच चेंडू फेकला. तेव्हा ती रेषा बास्केटपासून सव्वासहा मीटरवर असे. चेंडू आत. ७१-७०. उरलेल्या तीनेक सेकंदांत काही होणं नव्हतं.

हरणं वेगळं आणि असं हरणं वेगळं. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी शेवटच्या चेंडूवर सामना घालवला आहे त्यांना मी काय सांगू? पण ही मंडळी घरी आली आणि काही आठवड्यांत रेआल माद्रिदला पाच सामन्यांच्या झुंजीत ३-२ असं हरवून पुन्हा स्पेनची लीग जिंकली. मला स्वतःला त्या क्लबच्या साऱ्या विजयांत हा विजय सर्वांत अवघड वाटतो.

त्याच उन्हाळ्यात बार्सिलोना ऑलिम्पिक. बास्केटबॉलचे सामने कुठे ठेवले? बडालोनात. त्यासाठी आदल्या वर्षी साडेबारा हजार प्रेक्षकांचा नवा हॉल बांधला होता. एस्तेवे बोनेल आणि फ्रान्सेस्क रियुस या वास्तुकारांचा तो हॉल इतका देखणा ठरला की १९९२ मध्ये त्याला युरोपातला वास्तुकलेचा मानाचा मीस फान डेर रोअे पुरस्कार मिळाला. जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड यांचा अमेरिकन ‘ड्रीम टीम’ याच हॉलमध्ये खेळला आणि ८ ऑगस्टला क्रोएशियाला ११७-८५ हरवून सुवर्णपदक घेऊन गेला. यजमान स्पेनची मात्र तिथे नाचक्की झाली. विल्याकाम्पाही त्या संघात होता, हॉल त्याच्या घरचा, आणि अंगोलाकडून ६३-८३ अशी हार! कोणत्या वर्षाने एका खेळाडूला एवढं सगळं एकदम दाखवलं असेल?

ऑलिम्पिक संपलं, हॉल पेन्याला खेळायला मिळाला. कारखान्यांच्या गावातला क्लब, आणि जगाने पाहिलेला हॉल. भरायचा कसा, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

१९९३ मध्ये लोलो साइन्स राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून गेले. त्यांच्या जागी कुणाला आणायचं? क्लबने बोलावलं झेल्को ओब्रादोविचला. इस्तंबूलमध्ये ज्याने आपल्या तोंडचा घास काढला त्यालाच! पार्तिझानवर संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे युरोपात खेळायलाच बंदी आली होती. चषक जिंकूनही तो राखायची संधी त्या पोरांना मिळाली नाही. ओब्रादोविचला मैदान हवं होतं, बडालोनाला माणूस हवा होता. आपल्याकडे एखाद्या तालमीने कुस्तीत हरवणाऱ्या पैलवानाच्याच वस्तादाला घरी आणून खुराक सुरू करावा, तसं हे झालं. असा निर्णय घ्यायला मनाचा मोठेपणा लागतो, असं कुणी म्हणेल. मला वाटतं त्याहून जास्त व्यवहारज्ञान लागतं. ज्याने हरवलं, त्याला आपल्यातलं उणं सगळ्यांत नीट ठाऊक असतं.

२१ एप्रिल १९९४. तेल अवीव. उपांत्य सामन्यात शेजारच्या बार्सिलोनाला हरवून पेन्या पुन्हा अंतिम सामन्यात. समोर ग्रीसचा बलाढ्य ओलिम्पियाकोस. सामना देखणा अजिबात नव्हता. चिवट, संथ, ढकलाढकलीचा. दोन्ही संघांना साठ गुणही गाठता आले नाहीत यावरून कल्पना करा. शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा बडालोना एका गुणाने मागे, ५६-५७. वीसेक सेकंदं उरली असताना चेंडू फिरत फिरत कॉर्नी थॉम्पसनकडे आला. दोन वर्षांपूर्वी इस्तंबूलच्या मैदानावरही तो होता. तो उंचापुरा आतला खेळाडू. असल्या वेळी लांबून मारणं हे काही त्याचं रोजचं काम नव्हे. त्याने तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारला. आत. ५९-५७.

ओलिम्पियाकोसला अजून संधी होती. अखेरच्या सेकंदांत त्यांचा झार्को पास्पाल फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहिला. दोन फेकी, दोन गुण, बरोबरी. चेंडू आत गेलाच नाही. आणि गंमत पाहा, त्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती याच पास्पालची. बक्षीस हातात घेताना त्याला काय वाटलं असेल!

कातालोनियात आलेला हा पहिला युरोपियन बास्केटबॉल चषक. बार्सिलोनासारख्या धनाढ्य क्लबला त्यासाठी २००३ पर्यंत थांबावं लागलं. ओब्रादोविचने पुढे निरनिराळ्या क्लबांबरोबर एकूण नऊ वेळा हा चषक जिंकला. बडालोनाचा त्यातला दुसरा.

इथे गोष्ट संपवली असती तर बरं वाटलं असतं. पण त्याच उन्हाळ्यात ओब्रादोविच रेआल माद्रिदला गेला, आणि पुढच्याच वर्षी चषक माद्रिदला नेला. चांगले खेळाडू एकेक करून पांगले. मोठा संघ उभा करताना झालेलं कर्ज मागे राहिलं. १९९७ मध्ये एकदा राजाचा चषक जिंकला, त्याच वर्षी विल्याकाम्पा निवृत्त झाला. हो, सरसेनापती चषकाचं नाव एव्हाना राजाचा चषक झालं होतं. दोन वर्षांनी तोच विल्याकाम्पा क्लबचा अध्यक्ष झाला, आणि २०१७ पर्यंत राहिला. खेळाडू म्हणून सतरा वर्षं, अध्यक्ष म्हणून अठरा. मैदानावर तो बास्केट मारत होता. अध्यक्ष झाल्यावर त्याने प्रामुख्याने देणी भागवली.

देणी भागवायची कशी? या क्लबकडे विकण्याजोगी एकच गोष्ट होती : घरात तयार झालेली मुलं. २००३ मध्ये आईतो परत आला. सांगितलं होतं ना, तो पुन्हा येणार म्हणून. आईतोची ख्याती अशी, की वय पाहत नाही; खेळता येतं ना, मग खेळ. मायोर्का बेटावरून आलेला रुडी फर्नांडेझ त्याच्या हाताखाली फुलला. आणि शेजारच्या एल मास्नोऊ गावातला एक मुलगा, रिकी रुबिओ. १५ ऑक्टोबर २००५ ला तो लीगमध्ये पहिल्यांदा खेळला तेव्हा त्याला पंधरा वर्षं पूर्ण व्हायला सहा दिवस बाकी होते. तोवर स्पेनच्या लीगमध्ये एवढा लहान मुलगा कधी उतरला नव्हता. आपल्याकडे या वयात नववीची सहामाही असते. पुढच्या वर्षी सोळा वर्षांखालच्या युरोपियन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने रशियाविरुद्ध एकट्याने ५१ गुण केले, आणि हरत आलेला सामना मैदानाच्या मध्यावरून चेंडू मारून जादा वेळेत नेला.

या दोघांनी २००६ मध्ये क्लबला युरोपातला एक चषक मिळवून दिला. २००८च्या फेब्रुवारीत राजाचा चषक, एप्रिलमध्ये यूलेब चषक. ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेसमोर स्पेन उभं राहिलं, तेव्हा प्रशिक्षक आईतो, मैदानावर रुडी, आणि सतरा वर्षांचा रिकी. स्पेन हरलं, पण ११८-१०७ असं. कोबी ब्रायंट आणि लेब्रॉन जेम्सच्या अमेरिकेला शेवटची मिनिटं घाम गाळावा लागला. एका गिरणीगावाच्या क्लबने वाढवलेली ही माणसं होती.

पण त्या सामन्याच्या वेळीच घर रिकामं झालेलं होतं. आईतो मालागाला गेला. रुडी अमेरिकेतल्या पोर्टलंडला. पुढल्या वर्षी, २००९ मध्ये, रिकी काही दशलक्ष युरोंच्या मोबदल्यात शेजारच्या बार्सिलोनाला गेला. चाहते चिडले. चिडणारच. मुलगा शिकवायचा आपण आणि कमवायला लागला की तो शेजाऱ्याकडे! पण क्लबचा जमाखर्च पाहिला तर त्या पैशाने किती दिवस ढकलले हेही दिसतं. या बाबतीत क्लबला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. दोष द्यायचाच तर ज्या व्यवस्थेत फुटबॉलवाले बास्केटबॉलची बोली लावतात तिला द्यावा.

पुढची आठ-नऊ वर्षं ओढाताणीची. २०१८च्या हिवाळ्यात पेन्या लीगच्या तळाशी गेला. ज्याला कधी खाली जाणं माहीत नव्हतं, तो खाली जाणार अशी चिन्हं. त्याहून वाईट म्हणजे कर्ज गळ्याशी आलेलं. क्लब विसर्जित करण्याची चर्चा उघड होऊ लागली. तेव्हा अध्यक्ष होते हुआनान मोरालेस, १९९४च्या तेल अवीवच्या संघातले. फेब्रुवारीत प्रशिक्षक बदलला. हंगाम सरत आला असताना निकोलास लाप्रोव्हिटोला हा अर्जेंटिनाचा खेळाडू आणला. तो आला आणि संघ जिंकायला लागला. जागा वाचली. पुढच्या हंगामात हा लाप्रोव्हिटोला साऱ्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मैदानावर जागा वाचली तरी तिजोरीचं काय? ग्रिफोल्स हे कातालोनियातलं रक्तापासून औषधं बनवणारं उद्योजक घराणं. त्यांच्याशी संबंधित एका गुंतवणूक कंपनीने २०१८च्या उन्हाळ्यात भांडवल घालून क्लबची मालकी घेतली. मंडळ वाचलं, पण आता ते मंडळाच्या सभासदांचं उरलं नाही. चाहत्यांत याबद्दल दोन मतं होती. विसर्जनाची पाळी आलेली असताना पैसे कुणाचे हे विचारत बसू नये, असं एक. आणि मालकाला उद्या कंटाळा आला तर काय, असं दुसरं. मला दोन्ही पटतात, त्यामुळे मी या वादात पडत नाही.

रिकी रुबिओचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. बार्सिलोनाहून तो अमेरिकेत एनबीएत गेला. २०१६ मध्ये त्याची आई कर्करोगाने गेली. २०१९ मध्ये स्पेनने जागतिक विजेतेपद जिंकलं आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला रिकी. मग गुडघ्याची मोठी दुखापत झाली. आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये, जागतिक स्पर्धेच्या तोंडावर, त्याने जाहीर केलं की मनाच्या आरोग्यासाठी मी खेळ थांबवतो आहे. पुढच्या जानेवारीत एनबीए कायमची सोडली. चौदाव्या वर्षापासून हजारो लोकांसमोर उभा राहिलेला हा मुलगा. त्याला थांबावंसं वाटलं यात नवल नाही, पण ते उघडपणे सांगणारे खेळाडू थोडे. काही महिने तो बार्सिलोनासाठी खेळला, मग पूर्ण एक हंगाम घरी राहिला.

२०२५च्या उन्हाळ्यात त्याने पुन्हा खेळायचं ठरवलं. वय चौतीस. जाण्याजोगे क्लब आणखीही असतील. त्याने करार केला तो पेन्याशी. ज्या गावात तो वाढला तिथून बडालोनाचा हॉल काही मिनिटांच्या अंतरावर आहे, त्याच जुन्या रेल्वेच्या वाटेवर. पहिल्या सामन्याला तेव्हा वीस वर्षं पूर्ण होत होती. २००९ मध्ये तो गेला म्हणून चिडलेल्यांपैकी कितीतरी जण आता आपल्या मुलांना त्याचा खेळ दाखवायला हॉलवर घेऊन जाण्याच्या वयाचे झाले होते.